बेंचवरच्या खेळाडूनं आत्मविश्वासाबद्दल बोलायचंच नाही का?

कोपऱ्यातला_थ्री (धागाकर्ता):
कालच्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) धाग्यावर 'सडेतोड' यांनी ठणकावून लिहिलं की ट्रेडच्या (आपल्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकण्याच्या) अफवेनं ज्याची झोप उडते त्यानं या लीगमध्ये येऊच नये, राखीव खेळाडूंचा 'आत्मविश्वास' म्हणजे कोट्यधीशांची रडारड. तिथे दोन ओळींत भागणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

बॉस्टनचा पेटन प्रिचर्ड घ्या. 2020 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) 26 वा पिक. 2022-23 मध्ये बॉस्टननं ब्रॉग्डनला आणलं आणि हा गार्डच्या रांगेत स्मार्ट, व्हाइट, ब्रॉग्डन यांच्या मागे गेला. कधी थोडी मिनिटं, कधी पूर्ण मॅच वॉर्मअपच्या शर्टात. फेब्रुवारीत ट्रेडची कुजबुज. सीझनच्या शेवटच्या मॅचला मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली आणि याला मोकळं सोडलं, तर अटलांटाविरुद्ध 30 पॉइंट, 14 रिबाउंड, 11 असिस्ट! हात तोच होता हो, खेळायला मिळत नव्हतं.

मग स्मार्ट गेला, ब्रॉग्डन गेला, प्रिचर्डला 4 वर्षांचं 3 कोटी डॉलरचं एक्स्टेन्शन (करार वाढवून) मिळालं. पुढच्या सीझनला 82 च्या 82 मॅच खेळला. क्वार्टर (मॅचचा पाव भाग) संपताना लांबून बॉल फेकायचा म्हटलं की तेव्हा भलेभले मुद्दाम बझर वाजल्यावर सोडायचे, टक्केवारी बिघडू नये म्हणून. कोच माझुला याला 2024 च्या फायनल्समध्ये खास त्या शेवटच्या सेकंदांसाठी उतरवायचा. दुसऱ्या मॅचला तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी बोर्डाला लागून आत, पाचव्या मॅचला हाफटाइमच्या बझरला अर्ध्या कोर्टामागून आत. चुकलं तरी कोच ओरडणार नाही हे माहीत असल्याशिवाय असा शॉट कोणी घेत नाही.

सडेतोड:
एवढं लिहून तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. अफवा होत्या तरी 30-14-11 केलेच ना? ज्याच्यात दम आहे तो करतो. आणि ब्रॉग्डनचं अर्धंच सांगितलंत. 2023 चा सिक्स्थ मॅन (बेंचवरून येणाऱ्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) तोच होता, तरी त्याच उन्हाळ्यात क्लिपर्सशी सौदा ठरता ठरता फिसकटला आणि ऑक्टोबरमध्ये पोर्टलंडला पाठवला. धंदा आहे हा. सॅन अँटोनिओचा जिनोबिली ऑलिम्पिक सुवर्ण जिंकून आला, तरी कोच पॉपोविचनं वर्षानुवर्षं बेंचवरून खेळवलं. रडला का?

रात्रपाळी:
जिनोबिलीचं उदाहरण प्रत्येक वेळी येतं आणि प्रत्येक वेळी चुकीचं. तो सुरुवातीला बसायचा, पण अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत कोर्टवर तोच असणार हे अख्ख्या सॅन अँटोनिओला माहीत होतं. बेंचवर बसणं वेगळं आणि उद्या आपण या शहरात असू की नाही हे माहीत नसणं वेगळं. आणि 'धंदा' म्हणता? बॉस्टनच्या आयझेया थॉमसची बहीण वारली, दुसऱ्या दिवशी तो शिकागोविरुद्ध प्लेऑफ (बाद फेरी) खेळला. कंबर दुखावलेली असताना खेळला. ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडला रवाना! मी बॉस्टनचा जुना फॅन आहे, पण ते मला आजही सहन होत नाही.

वऱ्हाडी_डंक:
अन् गोल्डन स्टेटच्या कुमिंगाचं काय भाऊ? 2025 मध्ये प्ले-इनला (प्लेऑफच्या आधीची पात्रता मॅच) कोच केरनं त्याला एक मिनिट नाही दिलं. टीमचा स्टार करी जखमी झाला तवा आठवण आली. मिनेसोटाविरुद्ध तिसऱ्या मॅचला 30 मारले पोरानं. गरज पडली का घ्यायचं, भागलं का बसवायचं.

अनघा_ताई:
मला एनबीएतलं फार कळत नाही, लेकीमुळे वाचते. ती शालेय स्पर्धांमध्ये जिल्ह्याकडून खेळायची. एका मॅचच्या आधी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या महिन्यात दुसरी मुलगी येतेय, तुझं बघू." त्या दिवशी ती प्रत्येक पासनंतर आधी बेंचकडे बघत होती, मग बॉलकडे. सोपा लेअप हातात असताना पास देऊन मोकळी झाली. सडेतोड, ती कोट्यधीश नव्हती. चौदा वर्षांची होती.

खडूस_काका:
संघात नाव आलं ना ताई? मग क्रीडा सवलतीचे गुण मिळाले असतील दहावीला. आमच्या पोरानं रात्र रात्र अभ्यास केला आणि बेंचवर पाणी प्यायलेली पोरं पुढे गेली.

अनघा_ताई:
तुम्ही माझ्या मुलीला ओळखत नाही. चार वर्षं पहाटे सायकलवरून मैदानावर जायची ती. तोंड सांभाळून लिहा.

वऱ्हाडी_डंक:
काका, बाराव्या नंबरचा खेळाडू सरावाला तेवढाच घाम गाळते. तो नसला तर पाच विरुद्ध पाच खेळणार कोणासंगं? गुण त्याले भेटलेच पाहिजे.

खडूस_काका:
आणि नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणात बोगस प्रमाणपत्रं निघाली, ती कोणी गाळलेल्या घामाची? मैदानावर पाय न ठेवता क्रीडा अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या. आमच्यासारख्यांनी कुठे दाद मागायची?

रात्रपाळी:
बोगस सह्या करणाऱ्यांना पकडा की! त्याची शिक्षा खरोखर बेंचवर बसणाऱ्या पोरांना कशाला? उलट त्या बोगसगिरीमुळे खऱ्या बाराव्या खेळाडूकडेच सगळे संशयानं बघतात. माझ्या भावानं नोकरीच्या मुलाखतीत हेच ऐकलंय, "खेळलात की नुसते बसलात?" सांगा, याचं उत्तर काय द्यायचं?

खडूस_काका:
बसले असतील तर बसले म्हणायचं. त्यात काय एवढं?

सडेतोड:
काका, हे अति होतंय. अनघाताई, तुमच्या लेकीचं वाईट वाटलं. चौदा वर्षांच्या पोरीला असं चारचौघांत बोलणारा कोच नालायकच. पण 75 लाख डॉलर वर्षाला घेणाऱ्याची तिच्याशी तुलना मी मान्य करणार नाही, नाही म्हणजे नाही.

कोपऱ्यातला_थ्री:
सवलतीच्या गुणांवर कृपया वेगळा धागा काढा, मीही येईन भांडायला.

सडेतोड, पैशाची तुलना मी केलीच नाही. 2022-23 चा प्रिचर्ड आणि 2025 चा सिक्स्थ मॅन प्रिचर्ड यांच्यात उंची तीच, हात तोच. मार्च 2025 मध्ये पोर्टलंडविरुद्ध यानं 43 आणि डेरिक व्हाइटनं 41 मारले. एकाच मॅचमध्ये बॉस्टनच्या दोघांनी चाळिशी ओलांडायची ती पहिलीच वेळ, आणि दोघांपैकी एक बेंचवरून आलेला. मधल्या दोन वर्षांत बदललं ते एवढंच, की रोज रात्री आपण उतरणार हे त्याला आधीच ठाऊक असायचं. 75 लाख डॉलर देऊन टीमनं ती खात्री दिली नसती, तर ते पैसे वॉर्मअपच्या शर्टात बसून राहिले असते. हे तरी मान्य करा.

सडेतोड:
प्रिचर्डपुरतं मान्य. ब्रॉग्डनला ट्रॉफी दिल्यावर कोणती खात्री मिळाली, तेवढं सांगा.