मदत हवी आहे: पश्चिमेचं ऊन आणि विटांची जाळी

मंडळी, नागपूरच्या बेसा भागात घर बांधतोय. प्लॉट पश्चिममुखी, म्हणजे नवतप्यात (मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत) काय होणार ते नागपूरकरांना सांगायला नको!

मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या ब्रिटिश आर्किटेक्ट जोडप्याच्या कामाबद्दल वाचतोय. १९५१ पासून तीनेक वर्षं ते चंदीगडला होते. तिथल्या सरकारी घरांना विटांच्या जाळ्या, खोल व्हरांडे, आत घेतलेल्या खिडक्या. त्याआधी पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियातल्या इबादानच्या विद्यापीठात वगैरे, त्यांनी वारा आरपार खेळवला. पण ती हवा दमट. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी खिडकी उघडली की लूच आत येते, आणि जुलैत मात्र तोच वारा हवाहवासा वाटतो. दोन्ही एकाच भिंतीत कसं बसवायचं?

संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, तिथे छज्जा फारसा कामाचा नाही. म्हणून पश्चिमेला जाळी, मागे तीन-चार फूट व्हरांडा आणि मग बंद करता येणाऱ्या खिडक्या, असा विचार आहे. कॉन्ट्रॅक्टर काच लावा म्हणतो (त्याला नमस्कार!).

नागपुरात कोणी अशी जाळी केली आहे का? धूळ, कबुतरं, पावसाची झड यांचं काय करता? कूलर कुठे बसवलात? चांगला जाळीकाम करणारा मिस्त्री माहीत असेल तर तेही सांगा.