प्रतिसाद: संकासुर चौकटीत कुठे बसवायचा
तुमच्या विनोदी चित्रपट्टीत संकासुर, म्हणजे कोकणातल्या शिमग्यातलं सोंग, शेवटच्या चौकटीत आणला की पुण्याचे वाचक हसत नाहीत, असं तुम्ही म्हणता. गडबड जागेत आहे. ज्याने तो पाहिलाच नाही, त्याला ओळख आणि विनोद एकदम पचत नाहीत. पहिल्याच चौकटीत आणा: काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. मग तो टोपीसकट एसटीच्या दारात अडकलाय, हे कोणालाही कळतं. ओळखणाऱ्याला थोडं जास्त हसू येईल, एवढंच.

१०८० बाय १३५० पिक्सेलच्या पानावर चारच चौकटी ठेवा. अक्षर ४० पिक्सेलखाली नको, ओळींत अंतर सोडा. नाहीतर मोबाईलवर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. आणि तळटीप देऊन विनोद समजावू नका हो!