विषय: जूनमध्ये ठाण्यात शाळा – रस्ता, बस, कारसीट

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये आम्ही ठाण्याला, घोडबंदर रोडला राहायला जातोय. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन. मुलगी शाळेच्या बसने जाईल, धाकट्याला आजोबा स्कूटरवरून बालवाडीत सोडतो म्हणतात. इथल्या कारसीट सोबत न्याव्यात का? आणखी काय बघून ठेवावं?
– न्यू जर्सीहून

---

ताई, कारसीटच्या आधी रस्ता ओलांडण्याचं बघा, सगळ्यात जास्त धोका तिथे आहे. अमेरिकेत पिवळ्या बसचे लाल दिवे लागले, 'स्टॉप'चा फलक बाहेर आला की गाड्यांना थांबावंच लागतं. त्या भरवशावर मुलं उतरून थेट बसच्या पुढून ओलांडतात. ठाण्यात बस थांबली की मागची दुचाकी बाजूने पुढे काढतात. बसच्या आडून निघालेलं मूल त्या दुचाकीवाल्याला दिसत नाही आणि मुलालाही तो दिसत नाही. म्हणून मुलीला एकच नियम शिकवा: उतरायचं, कडेला उभं राहायचं, बस पूर्ण निघून गेली की मोठ्यांचा हात धरून ओलांडायचं. बस आणि फूटपाथ यांच्या फटीतूनही स्कूटर घुसते, तेव्हा पायरीवरून पाय खाली टाकण्याआधी मागे वळून बघायचं. जमलं तर स्टॉप सोसायटीच्याच बाजूला मागून घ्या.

दुसरी गोष्ट नजरेची. तिकडे पहिली गाडी डावीकडून येते, इथे उजवीकडून. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. सर्व्हिस रोडवर उलट दिशेने दुचाकी येतात, त्यामुळे रस्ता एकेरी असला तरी दोन्हीकडे बघायचंच. नुसतं सांगून ही सवय मोडत नाही. शाळा सुरू होण्याआधी आठवडाभर सकाळी शाळेच्याच वेळेला त्याच वाटेने चालवा. हात तुमच्या हातात असू दे, पण 'आता निघायचं' हे तिला ठरवू द्या. कुठे चुकते ते लगेच कळेल.
– कासारवडवलीहून

---

कारसीट जरूर न्या, पण आधी घरच्या गाडीचा मागचा पट्टा तपासा. अमेरिकेतल्या गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडला की बहुतेक वेळा तो आतून लॉक होतो आणि सीट घट्ट बसते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पट्टा फक्त झटका बसल्यावर अडकतो. सीट घट्ट बसल्यासारखी वाटते आणि दोन दिवसांत ढिली पडते. यावर उपाय दोन. गाडीत आयसोफिक्सचे हुक (मागच्या सीटच्या फटीतल्या, कारसीट अडकवायच्या लोखंडी कड्या) असतील तर अमेरिकन सीटच्या खालच्या पट्ट्या त्यांना अडकवा. नसतील तर कारसीटला स्वतःचं लॉक-ऑफ (गाडीचा पट्टा पकडून ठेवणारा चाप) आहे का बघा, नाहीतर तिकडूनच लॉकिंग क्लिप (पट्टा सरकू न देणारी सुटी क्लिप) घेऊन या. वरचा टेदर, म्हणजे कारसीटच्या पाठीवरचा पट्टा, अडकवायला मागे जागा आहे का, तेही बघा. बसवल्यावर पट्टा जातो त्या ठिकाणी धरून हलवा, एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. सीटवरची मुदतीची तारीख वाचायला विसरू नका.

मूल डाव्या बाजूला बसवा, म्हणजे फूटपाथकडे उतरेल. उजव्या मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावून ठेवा. मुलीला बूस्टर (पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक) लागेलच. उंची १४५ सेंटिमीटरच्या आसपास होईपर्यंत पट्टा खांद्याऐवजी मानेवर आणि मांड्यांऐवजी पोटावर येतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा कारसीट न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी नुसार एक हजार रुपये दंड आहे, हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. 'इथल्या इथे तर जायचंय' म्हणून मांडीवर घेण्याची सवय तिथेच थांबते.
– सीवूड्सहून

---

स्कूटरबद्दल. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम लागू आहे: चालवणाऱ्याला जोडलेला सेफ्टी हार्नेस, डोक्याच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत. मुलाला पुढे फूटबोर्डवर उभं करू नका. अचानक ब्रेक लागला की ते हँडलवर आपटतं आणि चालवणाऱ्याचं वजन पाठीवर येतं. हेल्मेट 'पुढे वाढेल' म्हणून मोठं घेऊ नका. पट्टा लावून दोन्ही हातांनी हलवल्यावर डोक्याची कातडीही सोबत हलली पाहिजे. तरीही आजोबांना विनंती, जोराच्या पावसात रिक्षा करा. पहिल्या सरींत रस्त्यावरचं तेल वर येतं, पांढरे पट्टे आणि लोखंडी प्लेटा निसरड्या होतात आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाही.

बस ठरवण्याआधी गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी अॅपवर टाका. फिटनेस, विमा, परमिटच्या तारखा तिथे दिसतात. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी व्हॅन स्वस्त पडली तरी घेऊ नका, ती भाड्याने चालवायचा परवानाच नसतो. अटेंडंट रोज असतो का, हे आधीपासून त्या बसने जाणाऱ्या मुलांच्या पालकांना विचारा. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तक्रार लेखी त्यांच्याकडेच द्या, ड्रायव्हरशी रस्त्यावर वाद घालू नका.

रेनकोट पिवळा किंवा फ्लोरोसंट घ्या, गडद निळा नको. टोपी चेहऱ्याच्या कडांवर येत असेल तर आजूबाजूचं दिसत नाही, तेव्हा ओलांडताना ती मागे सारायला शिकवा. केस भिजले तरी चालतील.
– नेरुळहून