वित्त आयोगाचा निधी: खर्चाच्या अहवालाला कामगिरी म्हणायचं का?

वहीखातं
केंद्राचा पैसा खालपर्यंत कसा वाटायचा हे ठरवून देणाऱ्या १५व्या वित्त आयोगाने (२०२१-२६) ग्रामपंचायतींच्या निधीला अट घातली. २०२३-२४ पासून, मागच्या वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे ऑनलाइन असतील त्याच ग्रामपंचायतींच्या वाट्याचे पैसे द्यायचे. शिवाय ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचे: त्यातले निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. माझा आक्षेप असा की ही हिशोबाची अट आहे, कामाची नाही. टाकी बांधली, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल निघालं, जिओटॅगचा (जागेची नोंद असलेला) फोटो चढला की काम 'पूर्ण'. टाकीत पाणी चढतं का, हे यातल्या एकाही कागदावरून कळत नाही.

लेखाशाखा
सहमत नाही. आधी हिशोब जुळू द्या. ई-ग्रामस्वराजवर, म्हणजे ग्रामपंचायतींच्या हिशोबाच्या सरकारी पोर्टलवर, महिने क्रमाने बंद करावे लागतात. एक महिना अडला की वर्ष बंद होत नाही आणि तात्पुरते लेखेही तयार होत नाहीत. अडतो तो नेहमीच्याच कारणांनी: बँकेचं व्याज नमुना ५ (रोकड वही) मध्ये धरलेलं नसतं, दिलेला चेक वटलेला नसतो किंवा खर्च चुकीच्या लेखाशीर्षावर (खर्चाच्या सदरावर) पडलेला असतो. १० लाख आले तर ६ लाख बंधित, म्हणजे ३ पाण्याचे, ३ स्वच्छतेचे. पथदिव्यांचं बिल त्या ६ लाखांतून गेलं तर ते अहवालातच दिसतं. ही अट नसती तर ते कुणी पाहिलंही नसतं.

शिवारकट्टा
दिसतं, पण शिक्षा कुणाला? लेखापरीक्षण ग्रामपंचायत स्वतः करत नाही, राज्याची स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा करते. तिथे उशीर झाला तरी निधी गावाचाच थांबतो. केंद्राकडून आलेला हप्ता १० कामकाजाच्या दिवसांत खाली ग्रामपंचायतींना दिला नाही तर राज्याला व्याज भरावं लागतं, हे योग्यच आहे. तशी मुदत लेखापरीक्षणालाही हवी. आणि सरपंच बदलला की नव्या डिजिटल स्वाक्षरीची नोंदणी होईपर्यंत देयकं अडकतात. तेवढ्यात ३१ मार्च येतो, आणि अखर्चित रक्कम पाहून वरून 'कामगिरी कमी' असा शेरा येतो. एकेका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-दोन गावांचा कारभार असताना तोच खर्च वहीत, पोर्टलवर आणि तालुक्याच्या एक्सेलमध्ये भरायला लावणं आधी बंद करा. पोर्टलवरचा आकडा तालुक्याला तिथूनच घेता येतो.

वहीखातं
दुबार नोंदी बंद व्हाव्यात, मान्य. पण मोकळा झालेला वेळ नळावर जाऊ द्या. काम झाल्यावर ६ महिन्यांनी, वितरणाच्या टोकाच्या घरी, १५ लिटरची बादली आणि घड्याळ. माणशी रोज ५५ लिटरच्या निकषाने ५ जणांच्या घराला रोज २७५ लिटर लागतात. पाणी रोज तासभर येत असेल तर बादली सव्वातीन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. ७ मिनिटं लागली तर त्या घराला निम्मंही पाणी मिळत नाही, मग टाकीचा फोटो कितीही चांगला असो. तिथेच क्लोरीनची तपासणी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

लेखाशाखा
मोजणीला माझा विरोध नाही. तिच्यावर निधी ठरवायला आहे. एप्रिलात विहीर आटली किंवा थकबाकीपोटी पंपाची वीज तोडली तर बादली भरणार नाही, आणि पुढचा हप्ता थांबवला तर ती दुरुस्तीही होणार नाही. शिवाय हप्ता अडकतोय म्हटल्यावर प्रत्येक गावातून 'तीन मिनिटं' एवढंच लिहून येईल. मग तो आकडा कुणाच्याच कामाचा राहणार नाही.

शिवारकट्टा
मग निधी लेख्यांवर ठेवा आणि नळाचा आकडा ग्रामसभेत वाचा. वर्षाला चार ग्रामसभा होतातच. टोकाच्या घरचा माणूस समोर बसलेला असताना 'तीन मिनिटं' असं खोटं वाचणं अवघड आहे.

वहीखातं
चालेल. पण नुसता वाचून नाही. इतिवृत्तात लिहायचा, घर आणि तारखेसह. म्हणजे गावाच्या पुढच्या वर्षीच्या विकास आराखड्यात दुरुस्ती कुठे घ्यायची ते त्याच पानावरून ठरवता येईल.