मॉक ड्रिल झालं, पण एक मुलगी मोजणीत सुटलीच – स्टाफचं ट्रेनिंग नक्की कसं घ्यावं?

खडूवाली:
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण प्लीज पूर्ण वाचा. मी माध्यमिकला शिकवते आणि यंदा आमच्या शाळेत आपत्कालीन तयारीचं, म्हणजे आग, भूकंप, मुलांना अचानक काही होणं वगैरे सगळ्याचं स्टाफ ट्रेनिंग माझ्याकडे आलंय. शिक्षक ४०, बाकीचा स्टाफ १४, आणि हातात सुट्टीतला एकच दिवस.

हे मी एवढं मनावर घेतलंय त्याला कारण आहे. मागच्या वेळी आमच्याकडे मॉक ड्रिल झालं. तारीख आणि वेळ सगळ्यांना आधीच माहीत, घंटा झाली, मुलं ओळीने मैदानात, सहा मिनिटांत शाळा रिकामी, टाळ्या. आणि आम्ही परत वर आलो तर सहावीतली एक मुलगी टॉयलेटमध्ये आतून कडी लावून रडत बसलेली. तिने घंटा ऐकली होती, बाहेर येऊन बघितलं तर कॉरिडॉरमध्ये चिटपाखरूही नाही, म्हणून घाबरून परत आत गेली. मैदानात वर्गशिक्षिकेने मोजणी केली होती हो, पण नुसती डोकी मोजली होती आणि दुसऱ्या वर्गातली एक मुलगी मैत्रिणीशेजारी येऊन उभी राहिलेली, त्यामुळे आकडा बरोब्बर जुळला. दुसऱ्या वर्गात एक कमी आली तर त्यांना वाटलं गैरहजर असेल. पंधरा मिनिटं कोणालाच पत्ता नाही. खरी आग असती तर काय झालं असतं हे डोक्यातून जातच नाही.

तर विचारायचं असं की एका दिवसात काय घ्यावं आणि काय सोडावं? लेक्चर ठेवलं तर लोक झोपतात. आणि मुलांना न घाबरवता हे कसं करायचं?

लालगाडी:
ताई, मी अग्निशमन दलातून रिटायर झालोय, बऱ्याच शाळांची ड्रिल्स जवळून बघितलीत. तुमच्या शाळेत जे झालं त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, ते ड्रिलमध्ये कळलं हे महत्त्वाचं. ड्रिल त्याचसाठी असतं. किती मिनिटांत बाहेर आलो ते नंतर, आधी काय चुकलं ते बघायचं.

मोजणीचं आधी सांगतो. डोकी मोजायची नाहीत, नावं घ्यायची. त्या दिवशीची हजेरी, कालची नाही, शिक्षकाच्या हातात हवी आणि प्रत्येक नावाला मुलाने स्वतः ओ द्यायची. उशिरा आलेला, मधेच घरी गेलेला, ऑफिसात निरोप द्यायला गेलेला, हे सगळं त्या कागदावर दिसलं पाहिजे. कोणी कमी असेल तर शिक्षकाने स्वतः परत आत धावायचं नाही, मैदानावर जो प्रमुख असेल त्याला नाव आणि शेवटचं कुठे दिसलं ते सांगायचं, तो आमच्या लोकांना सांगेल. टॉयलेट, लायब्ररी, लॅब, स्टोअर या जागा बाहेर पडता पडता बघून यायचं काम प्रत्येक मजल्यावर एका माणसाला नावाने द्या आणि त्याच्या जागी दुसरा कोण तेही ठरवा. 'जो जवळ असेल तो बघेल' असं लिहिलं की कोणीच बघत नाही.

दुसरं म्हणजे अग्निशामक सिलिंडर प्रत्येकाच्या हातात द्या, खरोखर चालवू द्या, मोकळ्या जागेत आणि जाणकार माणूस शेजारी असताना. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, ज्वाळांवर नाही, हँडल दाबायचं आणि डावी-उजवीकडे फिरवायचं. ऐकायला सोपं आहे पण पहिल्यांदा हातात घेतलेला माणूस पिन काढायच्या आधीच हँडल दाबत बसतो, हे मी कितीदा पाहिलंय. छोटा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो, तेवढ्यात शिकायला वेळ नसतो. आणि हेही ठासून सांगा की आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, अलार्म आधीच दिलेला असेल, मुलं निघालेली असतील आणि आपला बाहेरचा रस्ता पाठीमागे मोकळा असेल तरच हात घालायचा. नाहीतर दार ओढून घ्या आणि निघा.

दार ओढून घेणं ही गोष्ट लोक अगदी किरकोळ समजतात. शिकागोत १ डिसेंबर १९५८ ला अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेला आग लागली, त्यात ९२ मुलं आणि ३ नन शिक्षिका गेल्या. आग तळघरातल्या जिन्याजवळ लागली होती. खालच्या मजल्यावर जिन्याला दार होतं आणि ते बंद होतं, वरच्या मजल्यावर दारच नव्हतं, धूर सरळ वर्गांबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये भरला. म्हणून जिन्याच्या दाराला वीट लावून ते उघडं ठेवलेलं दिसलं की मला राग येतो.

पुढच्या ड्रिलला मुख्य जिन्यावर एक माणूस उभा करा, हातात पाटी 'इथे धूर आहे'. मग बघा काय होतं.

खडूवाली:
लालगाडी काका, खूप खूप आभार. पाटीची आयडिया वाचूनच पोटात गोळा आला कारण आमचा दुसरा जिना कुलूपबंद असतो, मुलं तिथे मस्ती करतात म्हणून. उद्याच बोलते.

लालगाडी:
उद्या नको, आजच बोला. मुलं शाळेत असताना बाहेर पडायच्या वाटेला कुलूप असताच कामा नये. मस्तीसाठी तिथे माणूस उभा करा, कुलूप नाही.

ऑफिसातला_मी:
मी शाळेत क्लार्क आहे. आमच्या शाळेत तीन ट्रेनिंग झाली, तिन्हीला फक्त शिक्षक. आम्हाला सांगितलं तुम्ही ऑफिस सांभाळा. आता मला सांगा, पालकांचे फोन नंबर कोणाकडे आहेत, माझ्याकडे. किल्ल्या कुठे असतात ते शिपायाला माहीत. मेन स्विच कुठे आहे ते वॉचमनला माहीत. गॅसचा व्हॉल्व्ह स्वयंपाकघरातल्या मावशींना. बसमध्ये चाळीस मुलं घेऊन रस्त्यावर असतो तो ड्रायव्हर. आणि यातलं एकही माणूस ट्रेनिंगला नाही. ताई तुम्ही ते १४ लोक आधी लिहिलेत, आकडा लिहिलात हेच मला बरं वाटलं. त्यांना मागच्या रांगेत नुसतं बसवू नका, त्यांना विचारा, त्यांना इमारत तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते.

आणि एक विषय सगळे विसरतात, मुलं परत पालकांच्या ताब्यात देणं. एकदा आमच्याकडे शॉर्टसर्किट झालं, फार काही नव्हतं, पण धूर बघून कोणीतरी मेसेज फिरवला आणि अर्ध्या तासात गेटवर दोनशे पालक. जो येईल तो आपलं आणि शेजारचं पण मूल घेऊन चालला. संध्याकाळपर्यंत आम्ही फोन करून विचारत होतो की अमुक तुमच्याकडे पोचला का. तो दिवस मी विसरणार नाही. आता आमच्याकडे एकच गेट पालकांसाठी, दुसरं गाड्यांसाठी म्हणजे अँब्युलन्स अडकत नाही, मूल कोणाकडे द्यायचं त्याची यादी आधीच लिहून घेतलेली, ओळखपत्र बघायचं, सही घ्यायची, वेळ लिहायची. आणि यादी कागदावर छापलेली, कारण लाईट गेली की कॉम्प्युटर बंद. पालकांना पहिला मेसेज कोण पाठवणार आणि त्यात काय लिहायचं तेही तयार ठेवा, शाळेने नाही सांगितलं तर दुसरं कोणीतरी सांगतं.

आरोग्यखोली:
मी शाळेत नर्स आहे. आग-भूकंप हवंच, पण रोजच्या शाळेत येतं ते वेगळंच असतं, दम्याचा अटॅक, फिट, घशात काहीतरी अडकणं, ॲलर्जी, डोक्याला मार. त्यामुळे दिवसाचा निम्मा वेळ याला द्या. हेही हाताने करून, सरावाच्या माणसाएवढ्या पुतळ्यावर, आणि शिकवणारा माणूस सर्टिफाइड हवा.

सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचा प्रयत्न, त्यात मिनिटाला १०० ते १२० दाब, मुलांमध्ये छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल, एकटेच असाल तर ३० दाब आणि २ श्वास. हे वाचून येत नाही, दोन मिनिटं केल्यावर हात भरून येतात तेव्हा कळतं की दुसऱ्याने जागा घ्यायला हवी. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन, असेल तर ते कुलपात ठेवू नका आणि कुठे आहे ते प्रत्येकाला चालत जाऊन दाखवा.

फिट आली की लोक अजूनही तोंडात चमचा घालायला जातात. काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूची बाकं सरकवायची, घड्याळ बघायचं, झटके थांबले की कुशीवर. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा त्या मुलाची पहिलीच फिट असेल तर अँब्युलन्स. घशात अडकलं आणि मूल जोरात खोकतंय तर खोकू द्या, आवाजच निघत नसेल तर पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच दाब, आलटून पालटून. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब देत नाहीत, ते वेगळं शिकावं लागतं. तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं तयार इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं, आणि मुलाला झोपवून ठेवायचं, उठवून चालवत माझ्या खोलीपर्यंत आणायचं नाही. श्वास फारच लागत असेल तर बसू द्या. दम्याच्या मुलाला मात्र आडवं करू नका, ताठ बसवा आणि त्याचा पंप त्याच्याजवळ असू द्या. कपाटात बंद पंप काय कामाचा, मला हे बोलून बोलून कंटाळा आलाय.

कोणत्या मुलाला काय आहे ते बदली शिक्षकालाही माहीत हवं.

सावकाश_चला:
मी विशेष शिक्षिका आहे. व्हीलचेअरवरचा मुलगा दुसऱ्या मजल्यावर असतो आणि अलार्म झाल्यावर लिफ्ट वापरायची नसते, मग तो खाली कसा येणार? 'कोणीतरी उचलेल' हे उत्तर नाही. दोन नावं, दोन बदली नावं, आणि उचलायचा सराव, त्या मुलाला विचारून, त्याला कसं उचललेलं चालतं ते त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत असतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला घंटा काय सांगणार? आणि ऑटिझम असलेली काही मुलं सायरनने एवढी घाबरतात की कान झाकून टेबलाखाली जातात, ती हट्ट करत नसतात. त्यांना आवाज आधी हळू ऐकवा, चित्रांतून क्रम दाखवा. ताईंनी विचारलंय ना न घाबरवता कसं, माझं मत असं की आवाज, धूर, खोटं रक्त असलं नाटक मुलांसमोर करूच नये, घाबरलेलं मूल शिकत नाही. मुलांना छोट्या सूचना पुरतात, आणि शिक्षकाचा आवाज शांत असला की अर्धं काम होतं. अवघड प्रसंगांचा सराव मोठ्यांनी मुलं नसताना करावा.

डोंगरवाट:
उशिरा लिहितोय पण राहवलं नाही. जपानमधल्या इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. ११ मार्च २०११, दुपारी २:४६ ला भूकंप. मुलं टेबलाखाली गेली, थांबल्यावर मैदानात आली, सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि मग जवळजवळ ५० मिनिटं मैदानातच. त्सुनामीचा इशारा मिळालेला होता, शाळेच्या मागेच टेकडी होती. पण कुठे जायचं यावर मोठ्यांचं एकमत होईना, आणि मुख्याध्यापक त्या दिवशी शाळेत नव्हते. मॅन्युअल होतं हो, त्यात पुढची जागा म्हणून लिहिलेलं 'जवळची मोकळी जागा किंवा पार्क', पण म्हणजे नेमकी कुठली हे ठरलेलंच नव्हतं. शेवटी निघाले ते नदीच्या पुलाजवळच्या उंचवट्याकडे आणि पाणी समोरून आलं. ७४ मुलं आणि १० मोठी माणसं गेली. पालक कोर्टात गेले, २०१८ ला सेंदाईच्या हायकोर्टाने म्हटलं की आधीच मॅन्युअल नीट करणं हे शाळेचं आणि शिक्षण मंडळाचं काम होतं, आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टात ते कायम राहिलं.

त्याच दिवशी कामाइशीच्या उनोसुमाई भागात माध्यमिकची मुलं कोणाची वाट न बघता पळत सुटली, ती पळताना दिसली म्हणून शेजारच्या प्राथमिकची मुलं, जी इमारतीत वर जाऊन थांबली होती, ती पण खाली उतरून निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथेही धोका वाटला तर आणखी वर, मग आणखी वर. त्यांना प्राध्यापक कातादा तोशिताका यांनी काही वर्षं हेच शिकवलं होतं, धोक्याच्या जागा दाखवणाऱ्या नकाशावर विसंबू नका, जेवढं जमेल तेवढं करा, पुढे पळा.

ताई, माझ्या मते तुमच्या एका दिवसातला एक तास फक्त एका प्रश्नाला द्या. मुख्याध्यापक नाहीत, फोन लागत नाही, दोन मिनिटं आहेत, कोण ठरवणार? इमारतीचा नकाशा टेबलावर आणि सगळा स्टाफ भोवती. लोक काय बोलतात ते ऐका.

खडूवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावलंय. दुसऱ्या जिन्याचं कुलूप निघालं, त्या दिवशीच.

डोंगरवाट यांचा प्रश्न मी काल सहज मधल्या सुट्टीत विचारून बघितला, दहा-बारा जण होतो. आधी कोणी बोलेना. मग एक सर म्हणाले उपमुख्याध्यापक ठरवतील, तर त्या म्हणाल्या मी तर मंगळवारी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये असते. मग शिपाईमामा चहा ठेवत होते ते म्हणाले, मॅडम, मंगळवारी दुपारी ऑफिसात मोठं कोणीच नसतं. हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. आता तीन नावं लिहिलीत, क्रमाने, वारानुसार. मामांनाही मजल्याची जबाबदारी दिली, टॉयलेट बघायची, ते स्वतःहून म्हणाले.

ट्रेनिंग पुढच्या महिन्यात आहे. आरोग्यखोली ताई, पुतळे ५४ लोकांना किती लागतील?

आरोग्यखोली:
सहा जणांमागे एक धरा, म्हणजे नऊ. कमी मिळाले तर गट करा आणि फिरवा, पण प्रत्येकाचा हात लागल्याशिवाय कोणालाही घरी सोडू नका, मामांनाही.