हिमकडा, हिमपात की हिमस्खलन?

शहापूर, बेळगाव : ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनची लष्कराची सोनम चौकी बर्फाखाली गेली. आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले जवान हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले आणि ११ तारखेला गेले. तेव्हा आमच्या घरी कन्नड आणि मराठी दोन्ही पेपर यायचे. कन्नडात ‘हिमपात’, मराठीत ‘हिमकडा कोसळला’. हिंदीत तर हिमपात म्हणजे नुसता बर्फ पडणं. सातवीच्या मुलांना शिकवते, त्यांना कुठला शब्द देऊ?

खानापूर : ताई, हिमस्खलनच द्या. मराठा लाईट इन्फंट्रीत होतो, दोन हिवाळे काश्मीरात उंचावर काढले. बोलताना आम्ही ‘एवलांच’ म्हणायचो, पण अर्थाला स्खलनच बरोबर. स्खलन म्हणजे घसरणं. चोर्ल्याच्या घाटात दरड येते तसं डोळ्यासमोर काही लोंबकळत नसतं. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार, वर घट्ट थर, त्याच्याखाली साखरेसारखा सुटा बर्फ. वजन पडलं की अख्खा थर फरशीसारखा तडकून निघतो. ‘हिमकडा’ म्हटलं की पोरगं वर कडा शोधणार, आणि धोका त्याच्या पायाखाली असतो.

शहापूर, बेळगाव : पटलं. आणि मार्च-एप्रिलात बर्फ चालण्याजोगा आहे का हे बघतात, त्याला काय म्हणावं? ‘परीक्षण’ फार कोरडं वाटतं.

निपाणी : आमच्याकडं शब्द आहे की, ‘घात’. पाऊस उघडला की मूठभर माती दाबायची. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला तर घात आली, औत घाला. चिकटून राहिला तर थांबा. पुस्तकात त्याला वाफसा म्हणतात.

खानापूर : अहो, मूठ तिथंही दाबतात! कोरडा बर्फ मुठीत जमत नाही, भुरभुरतो. ओलसर असला तर गोळा होतो. दाबल्यावर बोटांतून पाणी निथळलं तर उतारावर जायचं नाही. निरभ्र रात्री वरचा थर गोठतो, पहाटे बुटाखाली करकर वाजतो, ती घात. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं, दाण्यांची पकड सुटते. पूर्वेचा उतार आधी बिघडतो, पश्चिमेचा दुपारनंतर. रात्र ढगाळ गेली तर गोठणंच होत नाही, पहाटेही पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले की आम्ही मागं फिरायचो. नऊच्या आत उतार ओलांडायचा, असा आमच्या सुभेदारांचा दंडक होता.

निपाणी : मग बाई, ‘बर्फाची घात’ असंच शिकवा. फक्त लिंग सांभाळा. ‘घात गेली’ म्हणजे वेळ टळली. ‘घात झाला’ म्हटलं की अर्थ पार पालटतो.