मागच्या भिंतीजवळ पाचोळा कोणी पेटवला?

स्नेहा, डी-६०२: काल रात्री मागच्या भिंतीजवळ पाचोळा कोणी पेटवला? वाळत घातलेल्या कपड्यांवर राख. सागाचं अर्धं जळलेलं पान बाल्कनीत येऊन पडलं, कडा अजून लाल होत्या. सहाव्या मजल्यावर येतं, तर भिंत ओलांडायला किती वेळ? पलीकडे येऊरचं जंगल आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग.

म्हात्रे, ए-१०१: मीच सांगितलं माळ्याला. ढीग पंधरा दिवस पडून होता. साप निघाला असता तर याच ग्रुपवर बोंब झाली असती. आणि मी स्वतः दोन बादल्या पाणी ओतूनच वर आलो.

पाध्ये काका: होळी मागे नको. पुढच्या गेटजवळ सिमेंटच्या चौकात घ्यावी. नळ तिथेच आहे.

स्नेहा, डी-६०२: म्हात्रे काका, तुमचा हेतू चांगलाच होता. पण १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम असतो. राष्ट्रीय उद्यानाला आग लावणं, किंवा उद्यानात त्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा धुमसत सोडणं वन्यजीव कायद्याच्या कलम ३० नुसार गुन्हा आहे. शिवाय उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे.

म्हात्रे, ए-१०१: कायदा शिकवू नका ताई. आमच्या गावी भात पेरण्याआधी दरवर्षी वाफ्यात पालापाचोळा जाळून राब भाजतात. कुठे जंगल जळालं?

शेट्ये, बी-३०४: म्हात्रेसाहेब, राब आम्हीही भाजतो. आधी कडेचं गवत काढतात, वारा पडायची वाट बघतात, आणि हिरवे डहाळे घेऊन चार माणसं उभी असतात. इथे माळी एकटा, तोही आठला घरी गेला.

तन्मय, सी-५०३: मग शनिवारचं बार्बेक्यू पण कॅन्सल का? पनीर आणून झालंय 😄

कुलकर्णी काकू: तन्मय, मागच्या वेळचा कोळसा गच्चीवरून कोणी उचलला ते सांगू का?

तन्मय, सी-५०३: काकू 🙏

नाईक, ए-४०२: गच्चीची चावी सी विंगकडेच का असते, हे एकदा कळू दे.

जाधव, सी-२०१: मेंटेनन्स भरा, मग चावी मागा.

नाईक, ए-४०२: पावती दाखवू का इथेच?

सेक्रेटरी: कृपया विषयांतर नको. चावी आणि मेंटेनन्स रविवारच्या मीटिंगमध्ये.

पाध्ये काका: होळी मागे नको. सिमेंटचा चौक. नळ तिथेच आहे.

जाधव, सी-२०१: म्हणजे आता होळीपण बंद? दरवेळी आपल्याच सणांना नियम.

कुलकर्णी काकू: बंद कोण म्हणतंय? नैवेद्याच्या पुरणपोळ्या मीच करते ना दरवर्षी? जागा बदला एवढंच. सागाखाली पाचोळा घोट्यापर्यंत आलाय, पापडासारखा मोडतो.

स्नेहा, डी-६०२: मागच्या आठवड्यात वनरक्षक पलीकडे ब्लोअरने पाचोळा बाजूला सारून, आग पुढे सरकू नये म्हणून जाळरेषा काढत होते. भर दुपारी, उन्हात. ते पलीकडून रेषा काढतात आणि आपण अलीकडून ठिणग्या सोडतो. मोठी झाडं अशा आगीत बऱ्याचदा तगतात. रोपं, जमिनीवरची घरटी, सरडे, कासवं यांना पळायलाही वाव नसतो. मला हे खरंच बघवत नाही.

म्हात्रे, ए-१०१: मग पाचोळ्याचं करायचं काय? घरात भरू?

शेट्ये, बी-३०४: खताचा खड्डा दोन वर्षांपूर्वी सभेत मंजूर झालाय. पैसेही बाजूला काढलेत. खड्डा कुठे आहे?

सेक्रेटरी: कोटेशन मागवली होती. एकच आलं.

शेट्ये, बी-३०४: खड्डा खणायला कोटेशन?

सेक्रेटरी: काम करून बघा एकदा, मग बोला.

पाध्ये काका: होळी सिमेंटच्या चौकात.

कुलकर्णी काकू: हो भाऊजी, वाचलं सगळ्यांनी. माझी संमती आहे.

नाईक, ए-४०२: माझीही.

स्नेहा, डी-६०२: भिंतीपलीकडे धूर दिसला तर वनखात्याचा १९२६ आणि अग्निशमनचा १०१. वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावू या. मी लिहून देते.

म्हात्रे, ए-१०१: लावा. पण माझी आग कालच विझली, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

शेट्ये, बी-३०४: आत्ता मागे उभा आहे. ढीग वरून काळा, थंड दिसतोय. काठीने उकरला तर आत निखारे लाल आहेत, आणि वारा भिंतीकडे आहे. कोणी बादल्या घेऊन या.

स्नेहा, डी-६०२: निघाले.

तन्मय, सी-५०३: मी पुढच्या नळाचा पाइप आणतो. पोचेल का मागपर्यंत?

म्हात्रे, ए-१०१: नाही पोचणार. माझ्या बाथरूमच्या खिडकीतून सोडा. दार उघडलंय.